इस्त्रीकाकूंचा स्वयंपाक

आमच्या इस्त्रीकाकूंनी आयुष्यात कधी कपड्यांना इस्त्री केली नाही. साडीची नीट घडी घालून ती गादीखाली सरकवायची आणि रात्रभर तिच्यावर झोपायचं, ही त्यांची पद्धत. घरात इस्त्र्या मात्र तीन-चार होत्या. त्यांच्यावर पापड भाजले जायचे, पाव शेकले जायचे आणि शेजारच्या गुजराती बेन देवळात गेल्याची खात्री झाली की एखादा सुका बोंबीलही. इमारतीत नव्याने आलेलं बिऱ्हाड हमखास फसायचं. नाव ऐकून लोक शर्टांचं गाठोडं घेऊन दारात उभे राहायचे. काकू त्यांना आत बसवून पापड खायला घालत आणि गाठोडं जसंच्या तसं परत पाठवत. मी एकदा त्यांना छेडलं, तेव्हा म्हणाल्या, “गो चेडवा, कपडे अंगात घातले की चुरगळतलेच. पापड तेवढो सपाट होयो.”

इतक्या इस्त्र्या आल्या त्या काकांमुळे. गिरणी बंद पडल्यावर काकांनी घाटकोपर स्टेशनजवळच्या एका दुकानात मिक्सर, इस्त्र्या, गिझर दुरुस्त करायचं काम धरलं. दुरुस्तीला टाकलेली वस्तू गिऱ्हाईक वर्षभर न्यायला आलं नाही, की मालक ती काकांना देऊन टाकायचा. काका ती चालू करायचे आणि काकू तिला भलत्याच कामाला लावायच्या. फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर आंबोळीचं पीठ आंबायचं. जुन्या डबड्या टीव्हीच्या पाठीवर मटकीला मोड यायचे. पावसाळ्यात सादळलेले सांडगे त्या हेअर ड्रायरने सुकवायच्या, आणि स्वतःचे केस मात्र पंच्याने झटकायच्या.

आम्ही त्याच इमारतीत राहायचो. माझी आई हॉस्पिटलात नर्स होती. तिच्या पाळ्या फिरत्या, त्यामुळे शाळेतून आले की माझं पहिलं घर काकूंचं. खाण्याची इस्त्री वेगळी होती, तिच्या मुठीला लाल दोरा बांधलेला असायचा. पावात बटाट्याची भाजी भरून, बटर पेपरात गुंडाळून, काकू वरून इस्त्री दाबून धरत आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत. मला ते स्तोत्र वाटायचं. पुढे कळलं की त्या नणंदेला शिव्या घालत होत्या, तेवढ्या वेळात पाव बरोबर शेकला जातो म्हणून. इस्त्रीच्या चकतीवर कापडांची नावं असतात, तोच त्यांचा आचेचा हिशेब. पाव लोकरीवर, पापड सुतीवर, गार झालेली पोळी रेशमावर. माझ्या सासूबाईंना लग्नानंतर मी म्हणाले होते की पोळी जरा रेशमावर ठेवते, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बराच वेळ काळजीने पाहिलं होतं.

पण या सगळ्या यंत्रांत काकूंचा जीव होता तो कपडे धुण्याच्या मशीनवर. दोन टाक्यांची जुनी सेमी-ऑटोमॅटिक, एकीत धुवायचं, दुसरीत पिळायचं. तीही काकांनी कुणाच्या तरी टाकलेल्या मशीनमधून उभी केलेली. चालू झाली की ती घरभर फिरायला निघे, म्हणून काकू तिच्यावर पाटा ठेवत. कपडे त्या बहुतेक हातानेच धूत. मशीनची पिळायची टाकी मात्र पालक निथळायला, भिजवलेल्या डाळीचं पाणी काढायला, आणि वर्षातून एकदा गुढीपाडव्याला चक्का करायला. आदल्या दिवसापासून त्या टाकीत कपडा जायचा नाही. उकळत्या पाण्याने ती धुतली जायची. दही रात्रभर टांगलेलं असे, त्याच्या पंच्याच्या दोन टोकांना सारख्या वजनाच्या दोन पुरचुंड्या करून समोरासमोर ठेवायच्या, नाहीतर मशीन नाचते. झाकण लावलं की काकू पदर खोचून समोर उभ्या राहत आणि आवाज ऐकत. आवाज बारीक झाला की चक्का झाला. सगळ्या इमारतीला त्या श्रीखंड वाटायच्या आणि ते कुठे तयार झालंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. बेनसुद्धा वाटी पुढे करायच्या. असं श्रीखंड मी पुन्हा खाल्लेलं नाही.

काका गेले आणि काकू एकट्या राहिल्या. त्यांचा मुलगा सतीश बोरिवलीला राहतो. दर रविवारी यायचा, औषधं भरून ठेवायचा, आणि जाताना त्याचं एक वाक्य ठरलेलं असायचं, आई, आता तिकडेच चल. काकूंचंही उत्तर ठरलेलं, बघूया. त्यांचं ‘बघूया’ म्हणजे नाही, हे त्यालाही माहीत होतं. मीही तोवर माहेरच्याच घरात परत राहायला आले होते, आईचं दुखणं काढायला, आणि आई गेल्यावर तिथेच राहिले. नवऱ्याला घाटकोपर मानवलं आणि मला काकू.

मग काकू विसरायला लागल्या. आधी नावं, मग वार. एके दिवशी दूध गॅसवर ठेवून त्या भाजीला खाली उतरल्या. दूध उतू जाऊन ज्योत विझली आणि जिन्यात गॅसचा वास सुटला. बेननी धावाधाव करून दार उघडवलं, खिडक्या उघडल्या आणि सतीशला फोन केला. ही पहिली वेळ नव्हती. सतीश त्याच संध्याकाळी आला आणि शेगडी, सिलेंडर दोन्ही काढून घेऊन गेला. जेवणाचा डबा लावून दिला. तो वाईट मुलगा नाही, घाबरलेला मुलगा होता. मी इंडक्शन आणून देते म्हटलं, तर म्हणाला, अगं, प्रश्न गॅसचा नाही, ती विसरते.

शेगडीच्या जागी ओट्यावर एक चौकोनी डाग उरला होता. काकू त्याच्याकडे बघत बसल्या होत्या. मी समजूत घालायला गेले, की डबा चांगला असतो, दगदग वाचली, तुम्ही आता आराम करा. त्यांनी माझं सगळं बोलणं संपू दिलं. “ज्या घरात मी रांधणंय नाय, ता घर माझा कसा?” त्या म्हणाल्या. मला तेव्हा पहिल्यांदा त्यांची भीती समजली. ती मरणाची नव्हती. आपल्या घरात आपण पाहुण्या होऊ, ही होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यात खोबरं भाजल्याचा वास आला. सतीशने सगळं नेलं होतं, पण चहापुरती विजेची किटली आणि कपड्यांना लागते म्हणून एक इस्त्री ठेवली होती. जन्म त्या घरात काढलेल्या मुलाने इस्त्री चुकून ठेवली असेल, यावर माझा आजही विश्वास बसत नाही. काकूंनी ती दोन विटांमध्ये उलटी बसवली होती आणि तिच्या तव्यावर छोट्या थाळीत खोबरं परतत होत्या. किटलीत अंडी उकडत होती. मला बघून त्यांनी डोळे मिचकावले. “त्यान चूल बंद केल्यान, माझे हात नाय,” म्हणाल्या. पुढचे काही महिने काकू खऱ्या अर्थाने जगल्या असं मला वाटतं. किटलीत पिठलं करायला गेल्या आणि किटलीचा तळ करपवला. इस्त्रीवर बशीएवढी घावनं घातली, एकेक घावन व्हायला इतका वेळ की पहिलं खाऊन पचायचं तेव्हा दुसरं यायचं. मी मधूनमधून डोकावून बटण बंद आहे ना ते बघून यायचे. आलेला डबा त्या वॉचमनला देत.

सतीशला हे कळत होतं की नाही, कोण जाणे. पण जुन्या मशीनला हात लावला आणि त्याला शॉक बसला, तेव्हा मात्र त्याने ऐकलं नाही. नवी फुल्ली ऑटोमॅटिक मशीन आली, पुढे काचेचं गोल दार असलेली. जुनी भंगारवाल्याने जिन्यावरून आपटत नेली. काकूंनी पाटा तेवढा उचलून घेतला. नव्या मशीनशी त्यांचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. कपडे टाकले की ती दार लावून घेई, मग राहिलेला एक रुमालसुद्धा आत टाकता यायचा नाही. “ह्येका मधीच कायएक सांगूक गावणा नाय,” असं त्या जो येईल त्याला सांगत. सतीशने मोठ्या अक्षरांत कुठलं बटण कशाचं ते चिकटवून दिलं होतं. त्या ते वाचत, आणि परत मला विचारायला येत.

पाडवा जवळ आला. या वर्षी सण इकडे बोरिवलीला करू, असं सूनबाई म्हणाली. काकू म्हणाल्या, नाही, तुम्ही इकडे या, श्रीखंड मी करणार. पुऱ्या बाहेरून आणू, श्रीखंडाला कुठे गॅस लागतो? सतीश कबूल झाला. काकूंना त्याला दाखवायचं होतं की त्या अजून घर चालवू शकतात, आणि सतीशलाही, मला वाटतं, तेच बघायचं होतं. आठवडाभर काकूंनी दुसरं काही बोलणं काढलं नाही. वेलदोडे सोलले, जायफळ उगाळलं, दूध त्या किटलीत कोमट करून स्टॅबिलायझरवर दही लावलं. माझ्याकडून पंचा धुऊन घेतला.

पाडव्याच्या सकाळी मी गॅलरीत गुढीला साडी नेसवत होते, तेव्हा काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. आवाज अगदी शांत होता. “दार उघडणा नाय,” म्हणाल्या. मी धावत गेले. त्यांनी चक्क्याच्या दोन पुरचुंड्या नेहमीसारख्या समोरासमोर ठेवल्या होत्या. पण ही मशीन आडवी फिरते, यात समोरासमोर असं काही नसतं, आणि नुसतं पिळायचं म्हणून दाबलेलं बटण धुण्याचं निघालं होतं. गरम पाणी आत शिरलं होतं. काचेमागे सगळं पांढरं झालं होतं आणि त्यात पंचा गरगरत होता. मी बटणं दाबली, मेन स्विच बंद केला. मशीन थांबली, पण दाराचं कुलूप काही सुटेना. पुन्हा चालू केली, तर जिथे थांबली होती तिथूनच सुरू झाली. ती थांबण्याची वाट बघण्यापलीकडे काही उपाय नव्हता.

नेमके तेव्हाच सतीश आणि सूनबाई आले. हातात पुऱ्यांचं पुडकं आणि फुलं. सगळं दिसतच होतं. आम्ही चौघं त्या गोल काचेसमोर बसून राहिलो. सतीशने काही तोडलं असतं, तो रागावला असता, तर बरं झालं असतं. त्याने फक्त आईच्या पाठीवर हात ठेवला. मशीन थांबली, नव्या मशिनी वाजवतात तसं तिने एक आनंदाचं गाणं वाजवलं आणि दार सुटलं. आत रिकामा, स्वच्छ धुतलेला पंचा होता.

सूनबाई हळूच म्हणाली, आई, असू दे, आपण बाहेरून मागवू. काकू कधीच बाहेरून मागवू देत नसत, अगदी लाडूसुद्धा. मला वाटलं आता त्या नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, “मागव.” मग बसल्या जागेवरून त्यांनी सतीशला सांगितलं, “माळ्यावरची बॅग काढून दी.” सतीशला इतकी वर्षं जे हवं होतं ते त्याला मिळालं होतं, आणि त्याचा चेहरा बघवत नव्हता.

बोरिवलीला काकूंचं सगळं नीट होतं. खिडकीजवळची खोली, दिवसभर एक बाई, दोन वेळचं गरम जेवण. मी महिन्यातून एकदा जायचे आणि रोज दुपारी फोन करायचे. फोनवर एकच प्रश्न, “आज काय केलंस?” मी सांगायला लागले की त्या मध्येच थांबवत, कांदा आधी घाल म्हणत, फोन कढईजवळ धरायला लावत आणि फोडणीचा आवाज ऐकून बरोबर-चूक सांगत. हळूहळू त्या सूचना कमी झाल्या. मग नुसतं हूं यायला लागलं. मग फोन बाईनेच उचलायला सुरुवात केली. ज्या बाईने मला जेवायला आणि रांधायला शिकवलं, तिला भाजीत मीठ घालायचं असतं हे आठवेनासं झालं, याइतकं वाईट मी माझ्या आईच्या आजारपणातही काही पाहिलं नव्हतं.

त्या गेल्या त्याच्या आदल्या आठवड्यात मी गेले होते. काकूंनी मला ओळखलं नाही, पण हाताला धरून बसवून घेतलं. त्या काळजीत होत्या. काळे वाटाणे भिजवलेत, आता पुढे काय करायचं ते सुचत नाही, असं म्हणत होत्या. मी म्हणाले, उकडून घ्या. “घेतले. फुडे काय घालूचा?” मी सांगत गेले. कांदा चिरा, खोबरं घ्या, दोन्ही तांबूस भाजा, वाटा. त्यांचे हात पांघरुणावर हलत होते. मसाला घाला, आमसूल घाला, मीठ घाला. उकळी येऊ द्या. त्यांनी वाट पाहिली आणि बोटाने चव घेतली.

“झाला,” म्हणाल्या. “मगे वाढूया. सतीश शाळेतसून येतलो.”

सतीश दारात उभा होता. ऑफिसातून नुकताच आलेला, खांद्यावर बॅग तशीच. केव्हापासून ऐकत होता कोण जाणे. आईशी तो कायम मुंबईचं मराठी बोलायचा, मालवणी बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. बॅग खाली ठेवून तो पलंगाजवळ जमिनीवर मांडी घालून बसला.

“इलंय, आये. वाढ.”

काकूंनी त्याला वाढलं. भात, वर आमटी, बाजूला काहीतरी, मला वाटतं लोणचं. सतीश रिकाम्या जमिनीवरून घास उचलून खात राहिला, सगळं संपेपर्यंत. काकू त्याच्याकडे बघत होत्या.

“बरा झाला हा,” त्या म्हणाल्या. “कोणी केल्यान?”

“तूच केलंस, आये,” सतीश म्हणाला.

मग त्यांनी त्याला पुन्हा भात वाढला.