बॅटरीभाऊंचा पहारा

आमच्या सावली गावात गाण्याचा कार्यक्रम असला की सगळे मंचाकडे तोंड करून बसत आणि बॅटरीभाऊ मंचाकडे पाठ करून उभे राहत. हातात लांबुडकी बॅटरी. लोकांत कुठे मोबाइल उजळला की लगेच यांचा झोत त्या हातावर. एरवी ते आपल्या धानाच्या शेतीत रमलेले असत. हे काम त्यांना कुणी दिलं नव्हतं. त्यांनी ते घेतलं होतं, आणि काढून घ्यायची आम्हा मंडळवाल्यांची हिंमत नव्हती. मी निवेदन करायचो, पण मलाही मंचावर चढण्याआधी त्यांना खिसे दाखवावे लागत.

मोबाइलवाल्याच्या कुठल्याच बोलण्यावर त्यांचा विश्वास नसे. एक पाहुणा म्हणाला, "वेळ पाहत होतो." भाऊ म्हणाले, "वेळ पाहून इतकं हसू येते काऊन?" दुसरा म्हणाला, गाणं रेकॉर्ड करतोय. "म्हणजे आत्ता आयकून नाई राह्यला. घरी जाऊन आयकशील, तेही खोटंच." कुणी मान खाली घालून तल्लीन झालेलं दिसलं तरी ते माझ्या कानाशी येऊन कुजबुजत, "गुंगला नाई तो. मांडीवर काय हाये, पाह्य पहिले."

"पाठ करून उभं राहता, मग तुम्ही गाणं कधी ऐकता?" असं मी एकदा विचारलं. "मले पाठीतून आयकू येते," म्हणाले, आणि माझ्या विचारण्यामागे काय असेल या शंकेनं बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

एका दिवाळीनंतर अहेरीची एक गायिका आमच्याकडे आली. तिची धाकटी बहीण दुसऱ्या रांगेत फोन समोर धरून बसली होती. भाऊंनी झोत टाकला. फोन खाली होईना. ते जवळ गेले. "बंद कर." ती ओठांवर बोट ठेवून नुसती मान हलवू लागली. भाऊंनी फोन तिच्या हातातून काढून घेतला आणि चालू असलेला कॉल तोडून टाकला. मंचावरून गायिकेनं ते पाहिलं. तिचा सूर अडखळला. मग तिनं डोळे मिटले आणि पुढचं सगळं गाणं तसंच म्हटलं.

बहिणीनं पुन्हा पुन्हा फोन लावला, पण अहेरीचा फोन काही लागला नाही. कार्यक्रम संपल्यावर ती भाऊंसमोर येऊन उभी राहिली. "आई अंथरुणाला खिळली आहे, भाऊ. तिकडून ऐकत होती."

"सगळ्यायच्या आया नेमक्या तवाच आयकत असतात," भाऊ म्हणाले. पण त्यांच्या हातातला चहा तसाच गार झाला, आणि मंडप रिकामा व्हायच्या आत त्यांनी तिच्याकडून पत्ता मागून घेतला.

त्याच आठवड्यात ते माझ्या दारात हजर. "चाल अहेरीले. खरंच आई हाये का, पाहून येऊ. साक्षीदार पाह्यजे." गाडीत खिडकीशी बसून त्यांचं सुरू होतं, "पत्ता लगेच देऊन टाकला पोरीनं. काऊन देला असंन?"

आई होती. दाराकडे तोंड करून खाटेवर पडलेली. तरुणपणी गावोगावच्या नाटकांत गायलेली बाई. भाऊंनी उशाशी ठेवलेल्या औषधाच्या बाटल्या पाहिल्या, तिचे सुकलेले पाय पाहिले, आणि मग चपला काढल्या.

"फोन तोडनारे तुमीच का?" तिनं विचारलं.

"हो, बाई."

"गाणं तं मोठी मले रोज म्हणून दाखवते. मले लोक आयकाचे होते. टाळ्या पडल्या म्हणते. माझं मन राखाले म्हणत असंन."

भाऊ खाटेजवळ खाली बसले. "आमच्याइथी एक म्हातारा हाये. दर कार्यक्रमात भिंतीले टेकून झोपते. तो जागा होता. एका बाईचं लेकरू रडाले लागलं, तं ते बाहेर नाई गेली. दारातच थांबली अन् लेकराले थोपटता थोपटता ताल धरला. मंधातल्या रांगेत एक जन पान चावून राह्यला होता. त्याचं तोंड तसंच राह्यलं."

"अन् टाळ्या?"

"लगेच नाई पडल्या."

म्हातारीचा चेहरा उतरला.

"गाणं सरलं हे कोनाले समजलंच नाई, बाई. मंग पडल्या. मीही वाजवल्या, बॅटरी बगलेत दाबून."

मी मंचाच्या कडेलाच होतो. यातलं काहीच मी पाहिलं नव्हतं.

"खोटं तं नाई न सांगत?"

"तारीफ कराले नाई आलो मी. तुमी खरंच हाये का, हे पाहाले आलो होतो."

म्हातारी ठसका लागेपर्यंत हसली. निघताना म्हणाली, "मोठीचा पुढचा कार्यक्रम झाला का या. सांगाले."

बसथांब्यावर भाऊंनी दोनदा मागे वळून त्या घराच्या दिशेनं पाहिलं. मग म्हणाले, "बापू, खरंच बोलावलं तिनं, का तोंडदेखलं?"

"खरंच," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं.

पण गायिकेचा पुढचा कार्यक्रम गडचिरोलीत झाला, तेव्हा कुणी न बोलावता भाऊ तिथे पोचले, आणि दुसऱ्या सकाळी अहेरीच्या गाडीत बसले. म्हातारी होती तोवर त्यांनी हे सोडलं नाही. त्या फेऱ्यांना साक्षीदार म्हणून मला कधी बोलावलं नाही.

आता भाऊही नाहीत. गाणं रंगलं की मी मंचाच्या कडेला उभा राहून लोकांकडे बघतो. कुणाची मान थांबली, कुणाचा हात हवेतच राहिला, ते लक्षात ठेवतो. सांगायला कुणाकडे जावं, ते मात्र कळत नाही.