बेवारस म्हणाला म्हणून

सासऱ्यांनी सुनेला लेथ मशीन शिकवलं, तेव्हा गल्लीतले लोक हसले होते. नवरा अपघातात गेलेला, मूलबाळ नाही. सासरे म्हणाले, "रडून पोट भरत नाही. चक घट्ट आवळ, बाही वर कर." एकवीस वर्षं दोघांनी त्या पत्र्याच्या शेडमध्ये मोटारींचे दांडे कातले. नंतर सासऱ्यांचे डोळे गेले. ते नुसत्या आवाजावरून तिच्या चुका सांगत.

ते गेल्यावर महिन्याच्या आत त्यांचा पुतण्या दोन हमाल आणि टेम्पो घेऊन आला. ती काम करत होती, मशीन फिरत होतं.

"बाजूला हो वहिनी. काकांच्या मागे कुणी नाही. हा बेवारस माल आहे."

"मी मेलेय का?"

"तू कोण? तूही बेवारसच!"

तिने हातातला पाना त्याच्या खांद्यावर हाणला. त्याने तिचे केस धरून डोकं बाकावर आपटलं. कपाळ फुटून रक्त डोळ्यात उतरलं. ती उठून मशीनला बिलगली, तेव्हा एका हमालाने पहारीने तिची बोटं ठेचली. दोन मोडली. तिने मशीन सोडलं नाही. पुतण्या तिला ओढायला वाकला आणि त्याची सैल बाही दांडा पकडून फिरणाऱ्या चकात गुंतली. हात आत ओढला गेला, हाड कडकन मोडलं. तो किंचाळला. हमाल पळून गेले.

क्षणभर ती नुसती बघत राहिली. मग मोडक्या बोटांनीच तिने बटण बंद केलं.

चौकीत त्याने उलट तिच्याविरुद्धच तक्रार दिली. म्हाताऱ्या हवालदाराने ती वाचून चष्मा काढला. "बेवारस म्हणजे काय, माहीत आहे? ज्यावर हक्क सांगायला कुणीच येत नाही, ते. इथे तर बाई रक्तबंबाळ होऊन मशीन धरून उभी होती. आणि माणसाला हा शब्द लावतात, तो ओळख न पटलेल्या मढ्याला. हिला तर अख्खी गल्ली ओळखते."

गल्ली साक्षीला आली, हसणारेसुद्धा. वर्षभराने शेड तिच्या नावावर झाली. पुतण्याचा हात कोपरात वाकत नाही. त्याबद्दल विचारलं की ती म्हणते, "बटण जरा उशिराच दाबलं मी. मला माहीत आहे." आणि पुढचा दांडा चकात लावते.