केसभर झुकणारा पूल

प्रयोगशाळेतल्या संगणकावर केतकीचा पूल वरच्या बाजूला वाकला होता. ट्रकचं वजन ठेवलं की पूल खाली झुकायला हवा. हा मात्र आळस देणाऱ्या मांजरासारखा पाठ उंचावून उभा होता. संशोधक म्हणून निवड व्हावी यासाठी तिला अर्जासोबत हेच गणित पाठवायचं होतं आणि मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. माझी ही विद्यार्थिनी आणि मी सकाळपासून समीकरणं तपासत होतो. शेजारच्या मशीनवर काँक्रीटचे ठोकळे ताकद तपासायला फोडणारे आमचे शिंदेमामा चहा घेऊन आले आणि पडद्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, ट्रक पुलाला खालनं ढुशी देतोय का?"

वजनाच्या आकड्याआधीचं, खालची दिशा सांगणारं उणे चिन्ह राहून गेलं होतं. केतकीने ते टाकलं आणि पूल केसभर खाली झुकला.

इतकी वर्षं हा विषय शिकवते, तरी ते झुकणं बघून मला अजून हसू फुटतं. जिन्याची पायरी, डोक्यावरचा स्लॅब, सगळेच दिवसभर आपल्या वजनाला असे केसभर झुकत असतात आणि आपण खुशाल भाजीचं ठरवत त्यांच्यावरून चालत असतो.

काल केतकीच्या निवडीचं पत्र आलं. ती मोठ्याने वाचू लागली, तसे मामा ऐकायला जुन्या लाकडी बाकावर टेकले. बाकाची फळी जराशी दबली. केतकी पत्र अर्धवट सोडून वाकून फळीच बघायला लागली.

"बरोबर आहे, मॅडम," ती म्हणाली, "खालीच जातेय."