रिठ्याचं पाणी

"हा नको. हिच्या गळ्यातून काढलेला नको. आतून दुसरा आणा."

बाईंनी हे मला नाही सांगितलं. माझ्या डोक्यावरून, मागे उभ्या असलेल्या शेठना सांगितलं. मी तिथेच होते. हार माझ्याच गळ्यात होता.

जळगावच्या सराफ बाजारात एका मोठ्या पेढीवर मी काउंटरला आहे. आमच्या कामाची एक रीत आहे. हार डब्यात दाखवायचा नाही, स्वतःच्या गळ्यात घालून दाखवायचा. मखमलीच्या पुतळ्यावर सोनं मेल्यासारखं दिसतं, अंगावर आलं की जिवंत होतं, हे शेठनीच मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. माझी मान लांब. राणीहार असो नाहीतर तुशी, घालायला मलाच हाक पडायची. मला त्याचा गर्व होता. का नसावा?

आखाजीची, अक्षय तृतीयेची गर्दी होती. बाई बिल्डरच्या घरच्या, मुलीचं लग्न काढलेलं. हारावर डोळा होता, पण माझ्या चेहऱ्यावर नजर गेली आणि हात मागे घेतला.

"एकच नग आहे, मॅडम," शेठ म्हणाले. "थांबा, धुऊन देतो."

आतल्या कारागिराला हाक गेली. वाटीत रिठ्याचं कोमट पाणी आलं, ब्रश आला. मी हार उतरवला. शेठनी तो दोन बोटांनी उचलला आणि वाटीत सोडला. सगळ्यांसमोर. फेस आला. कारागीर एकेक कडी घासत होता आणि बाई वाकून बघत होत्या, नीट निघतंय की नाही. काय निघायचं होतं? मी?

हार कोरा करकरीत होता. त्याच सकाळी डब्यातून निघालेला. मी गळ्यात घातला एवढंच त्याला लागलं होतं.

आता चेहऱ्याचं सांगते. दोन्ही गाल, नाकाचा शेंडा आणि हनुवटी लाल होतात. बारीक पुरळ येतं, आग होते, खपली धरते, जरा जाते, परत येते. पहिल्यांदा आलं तेव्हा मेडिकलवाल्याने एक मलम दिलं. आठवडाभर चेहरा असा उजळला की शेजारणी विचारायला लागल्या, काय लावतेस गं? मलम बंद केलं आणि दुप्पट उसळलं. मग एका डॉक्टरने नायटा म्हटलं. दुसऱ्याने उन्हाची ऍलर्जी म्हटलं. तिसऱ्याने रक्त काढून कसल्याशा मोठ्या आजाराचं नाव घेतलं, घरात रडारड झाली, आणि रिपोर्टमध्ये तो आजार निघालाच नाही. आमच्या गल्लीत तर प्रत्येक घरात एक डॉक्टर. कुणी म्हणे पोटातली उष्णता, कुणी म्हणे नजर. नरडाण्याजवळ माझं माहेर. तिथे आईने हनुवटी धरून पाहिलं आणि निकाल दिला, "बिब्बा उतना व्हई तुले." मी जन्मात बिब्ब्याला हात लावला नव्हता. पण आई निदान हनुवटी धरून तरी बघत होती.

त्या दिवशी गिऱ्हाईक गेल्यावर शेठनी मला जवळ बोलावलं. आवाजात साखर.

"बेटा, मनाला लावून घेऊ नको. उद्यापासून मास्क लाव. धंदा आहे."

मी मास्क लावला. नोकरी हातची घालवायची नव्हती. नवरा पाइपच्या कंपनीत, कधी काम असतं कधी नसतं. जळगावचा वैशाख, त्यात नाका-तोंडावर कापड. घाम आत मुरायचा. संध्याकाळी मास्क काढला की खपलीही त्याच्याबरोबर यायची. चेहरा आणखी बिघडला. मग शेठ म्हणाले, "काही दिवस आत बस. डबे भर." आतल्या खोलीत खिडकी नाही. बाहेर दुसऱ्या मुली माझ्या ओळखीचे हार घालून उभ्या राहायच्या. मला राग यायचा तो त्या मुलींचा नाही. मी तोंड लपवून डबे भरते आणि ते मलाच बरोबर वाटायला लागलंय, याचा.

शेवटी धुळ्याला गेले, मोठ्या दवाखान्यात. गालाचा बारीक तुकडा काढून तपासला. तिथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या. रिपोर्ट दोनदा वाचून म्हणाल्या, "निदान मला अजून करता आलेलं नाही. खोटं सांगणार नाही. पण यात जंतू नाहीत, बुरशी नाही. हे तुमच्यापासून कुणाला होणार नाही. आणि तो मास्क आधी काढा, त्यानेच चिघळतंय."

मला कळत होतंच. माझ्याच पंच्याला तोंड पुसणाऱ्या नवऱ्याला कुठे काय झालं? पण कुणीतरी सरळ डोळ्यांत बघून सांगावं लागतं. परतीच्या एसटीत मी मास्क काढला. शेजारची बाई सरकून बसली. बसू दे म्हटलं. मला ऐसपैस जागा झाली.

दुसऱ्या दिवशी तशीच पेढीवर गेले. आत बसले. दुपारी भरलेले डबे घेऊन बाहेर आले, तर एका म्हातारीने मला गाठलं. अमळनेरकडच्या खेड्यातली, डोक्यावर पदर, सोबत नात. नातीला हार घ्यायचा होता आणि बाकीच्या मुली गिऱ्हाइकांत अडकलेल्या.

"माय, तू गळामा घालीसन दखाड. डब्बामा काय समजस?"

मी थांबले. तिने माझं तोंड निरखलं. आडपडदा नाही.

"तुना तोंडले काय व्हयनं?"

"डाक्टरले बी समजनं नही, अक्का."

"दुसराले लागस का?"

"नही."

"मंग घाल."

मी हार घातला. कितीतरी दिवसांनी. मान आपोआप ताठ झाली. नात हसली. अक्का म्हणाल्या, हाच द्या. मी हार काढून समोर ठेवला, तोच मागून शेठचा आवाज आला, "अरे, रिठ्याचं पाणी आण रे!"

वाटी आली. अक्कांना काही कळेना.

"नवा हार कसाले धोवतस?"

शेठ हसले. "असंच अक्का, चमक येते."

माझ्या अंगाची लाही झाली. मी वाटीवर हात ठेवला आणि मोठ्याने बोलले, सगळ्या पेढीला ऐकू जाईल असं. "चमक नाही, अक्का. मी घातला म्हणून धुतात."

काट्यावर सोनं तोलणाऱ्या माणसानेही मान वर केली.

"मास्क लाव आणि आत जा," शेठ हळूच म्हणाले. बेटा गेलं होतं.

"मास्क लावणार नाही. आतही जाणार नाही." मी वाटीवरचा हात काढला नाही. "शेठ, परवा एक बाई जुनं सोनं मोडायला घेऊन आली. सासूच्या प्रेतावरून काढलेली नथ. तिने विचारलं, चालेल का? तुम्ही म्हणालात, सोन्याला विटाळ नसतो. याच काउंटरवर म्हणालात. मेलेल्या बाईचा विटाळ नाही आणि माझा आहे?"

"उद्यापासून येऊ नको."

"आत्ता काढा. पण का काढलं ते या सगळ्यांसमोर सांगा. आळशी आहे? चोर आहे? हिशेबात खोट आहे? की तोंड लाल आहे म्हणून? सांगा."

शेठनी इकडेतिकडे पाहिलं. गिऱ्हाइकं बघत होती. शेठना ते वाक्य तोंडातून काढता आलं नाही. मनात ठेवायला सोपं असतं ते. अक्कांनी न धुतलेला हार नातीच्या गळ्यात घातला, पैसे दिले, आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या. त्यांना हार हवा होता, तो मिळाला. मला कुणाची शाबासकी नको होती.

तेव्हापासून मी रोज जाते. काउंटरच्या माझ्या खुर्चीवर बसते, उघड्या तोंडाने. शेठ बोलत नाहीत. काही गिऱ्हाइकं दुसऱ्या काउंटरला जातात. मी त्यांना जाताना सरळ बघते, खाली बघत नाही. गाल अजून लाल आहेत. धुळ्याला पुढची फेरी आहे, डॉक्टरबाई शोधताहेत. सापडेल तेव्हा सापडेल. तोवर मी कोपऱ्यात बसून थांबणार नाही. उद्या शेठ मला काढतीलही. धीर गोळा करतील आणि काढतील.

पण मी गळ्यातून काढलेल्या हारासाठी ती वाटी पुन्हा आली, तर मी ती उलटी करणार आहे. काउंटरवर, शेठच्या मांडीवर, जिच्यासाठी आली तिच्या पैठणीवर. सांगून ठेवते.