निनावी बाटल्यांच्या अक्का

अक्कांना सगळं माहीत असायचं आणि त्या काही म्हणजे काही सांगायच्या नाहीत. चेहरा असा ठेवायच्या की वाटावं, ह्या बाईला आज आपल्या डब्यात काय आहे एवढंसुद्धा ठाऊक नसेल. बेंगळुरातल्या हेब्बाळच्या त्या प्रयोगशाळेतली आम्ही पाच-सहा पोरं त्यांच्या मागे लागायचो, "अक्का, नुसती भुवई उडवा हो! चार नंबर खरी की सात नंबर?" अक्का चष्मा कपाळावर सरकवून म्हणायच्या, "भुवई उडवायला मी काय नाटकात आहे का? जा, कामं करा."

प्रकार असा होता. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. रोगाशी लढणाऱ्या काही पेशी तिथे शिकून तयार होतात. त्या ग्रंथीतल्या प्रथिनाचा एक बारीकसा तुकडा, म्हणजे पेप्टाइड, आता कृत्रिमरीत्या बनवून मिळतो. तो घातला की उंदराच्या पेशी जाग्या होतात का, हे बघणं हा माझा पीएच.डी.चा विषय. पण नुसतं खरं पेप्टाइड वापरून भागत नाही. पेप्टाइड म्हणजे मण्यांची माळ. म्हणून सोबत एक खोटी माळही लागते, मणी तेच, तितकेच, फक्त ओवणी उलटसुलट. दोन्ही बाटल्यांत चिमूटभर पांढरी भुकटी, दिसायला जुळ्या बहिणी. काम करणाऱ्याला खरी कुठली ते कळलं की तो नकळत तिला झुकतं माप देतो. म्हणून अक्का बाटल्यांची लेबलं काढून नुसते नंबर लावायच्या. कुठला नंबर कशाचा, ते कागदावर लिहून पाकीट चिकटवायच्या, वर सही करायच्या आणि माझे गाइड, म्हणजे सर, यांच्या कपाटात ठेवायच्या. तीसेक वर्षं त्यांनी हेच काम केलं आणि एकदाही कुणाला उडालेली भुवई दिसली नाही.

अक्का चामराजपेटातल्या जुन्या मराठी घरातल्या. किती पिढ्या बेंगळुरात गेल्या याचा त्यांनाच पत्ता नव्हता. मराठी अशी की जरासाठी "स्वल्प" आणि बरंसाठी "सरी" आल्याशिवाय वाक्य संपायचं नाही. मी नागपूरची, तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी त्यांना म्हटलं, "अक्का, तुम्ही कानडीत मराठी बोलता की मराठीत कानडी?" त्या म्हणाल्या, "आधी हातमोजे घाल, मग ठरवू." माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. शेवटपर्यंत मी त्यांची "नागपूर". "काय नागपूर, जेवलीस?"

त्यांची एक सवय मला आधी फार जाचायची. फ्रीजरमधून बाटली काढली की लगेच उघडू द्यायच्या नाहीत. गार बाटली उघडली तर हवेतली ओल भुकटीवर बसते, हे आम्हीही पुस्तकात वाचलेलं; पण आम्ही पुस्तकवाले घाई करायचो आणि बीएस्सीवर थांबलेल्या अक्का घड्याळ लावून बसायच्या. "स्वल्प थांब गं. थंडीतून आलंय लेकरू, हुडहुडी जाऊ दे." अर्धा तास बाटलीजवळून हलायचं नाही. मग काय, गप्पा! माझी आई काय करते, पीजीतल्या पोळ्या कशा असतात, मी रोज अशी चिडलेली का असते, सगळी चौकशी त्या अर्ध्या तासात. दुपारी कँटीनमध्ये चित्रान्नाचा एक जादा डबा माझ्यापुढे सरकायचा. सुरुवातीला मी नाक मुरडलं. पिवळा भात, तोही गार! पुढे पुढे अक्कांना यायला उशीर झाला की मीच दाराकडे बघायला लागले.

मी मारतहळ्ळीला राहायचे. माझ्या पीजीच्या मालकांना कुठूनसं कळलं की ही मुलगी इम्युनिटीचं काहीतरी करते. म्हणाले, "मॅडम, एक बाटली मिलेगी क्या? इंटरनेट पे बहुत सुना है." मी हा किस्सा रंगवून अक्कांना सांगितला. अक्का हसल्या नाहीत. बाटलीवरची बारीक ओळ बोटाने दाखवली, फक्त प्रयोगशाळेतल्या संशोधनासाठी.

"तू त्यांना नाही म्हणालीस की हसलीस?"

"दोन्ही."

"नुसतं नाही म्हणायचं. हसलं की त्यांना वाटतं, पुन्हा विचारलं तर मिळेल. ज्याची अजून आपल्यालाच नीट ओळख नाही, ते माणसाच्या अंगात कसं घालायचं?"

त्याच संध्याकाळी जाऊन मी मालकांना कोरडं ठणठणीत "नाही" सांगून आले.

आणि त्याच पीजीत मला कांजिण्या झाल्या. खोलीतल्या मैत्रिणी अशा पळाल्या की चपलाही विसरून गेल्या. सुटीच्या दिवशी दोन बस बदलून अक्का आल्या, हातात मऊ भात आणि साराचा डबा. मी उशीत तोंड खुपसून ओरडले, "अक्का, लांब राहा, तुम्हाला होईल!" त्या खुशाल पलंगावर बसल्या. "मला लहानपणीच येऊन गेल्यात. माझ्या पेशी शिकलेल्या आहेत, तुझ्याच अडाणी." मी हसले आणि मग रडले. आईची आठवण आली होती, दुसरं काय. अक्कांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि सार संपेपर्यंत उठल्या नाहीत.

अशा माणसाशी मी कशी वागले, ते आता सांगते.

नऊ महिने मी त्या दोन बाटल्यांवर काम केलं. चार नंबर घातली की पेशी खडबडून जाग्या व्हायच्या. सात नंबरला ढिम्म. पुन्हा केलं, पुन्हा तेच. चार नंबर खरी, यात मला तिळमात्र शंका नव्हती. मनातल्या मनात मी पेपर लिहून मोकळी झाले होते. आईला फोनवर सांगूनही टाकलं, झालंच समज. मग सरांनी सगळ्यांसमोर पाकीट फाडलं. चार नंबर खोटी. सात नंबर खरी.

फेलोशिपचे सहा महिने उरलेले, दोन्ही बाटल्या खडखडीत रिकाम्या, तपासायलाही कण नाही. उरला होता तो फक्त अक्कांचा शब्द. मी तडक त्यांच्याकडे गेले. त्या टेबलाशी उभ्या राहून डब्यात थेंब मोजायच्या पिपेटची टोकं भरत होत्या.

"अक्का, नंबर लावताना अदलाबदल झाली असेल ना?"

"मला आठवतंय तसं मी बरोबर लावलेत."

"पण झाली असेल ना? एवढं सरांना सांगा. तुम्ही दोन महिन्यांनी निवृत्त होणार, तुम्हाला कोण काय बोलणार आहे? माझं अख्खं आयुष्य पडलंय पुढे!"

अक्कांचा हात थांबला. म्हणाल्या, "झालेली चूक असती तर पदरात घेतली असती गं. आठवत नाही ती कशी घेऊ?" मग त्यांनी सरांकडे जाऊन सांगितलं की भुकटी बनवणाऱ्या कंपनीकडे प्रत्येक बॅचचा नमुना राखून ठेवलेला असतो, तो तपासून मागवा. सरांनी पत्र लिहिलं. मला मात्र तो निव्वळ म्हातारीचा हट्ट वाटला. एक शब्द बोलली असती तर माझं काम तरलं असतं, हेच डोक्यात. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना "मॅडम" म्हणायला लागले.

आपल्या माणसाला दुखवायचं कसं, हे आपल्याला बरोबर ठाऊक असतं. मला होतं. पहिल्यांदा "मॅडम" ऐकलं तेव्हा त्यांनी मागे वळून बघितलं, दुसरं कुणी आलंय का म्हणून. दुपारचा जादा डबा येतच राहिला. मी तो न उघडता परत करत राहिले. निरोपसमारंभात सगळे त्यांच्याभोवती आणि मी मागच्या खुर्चीवर. शाल-नारळ तसाच हातात धरून त्या माझ्यापाशी आल्या. "जेवलीस?" मी म्हटलं, "हो मॅडम." जेवले नव्हते. त्या "सरी, सरी" म्हणत गेल्या.

उत्तर आलं ते त्यानंतर दोन महिन्यांनी, एका सोमवारी. खोट्या भुकटीच्या बॅचमध्ये जंतूंचे अवशेष राहिले होते. असल्या घाणीने पेशी हमखास खवळतात. खरी बॅच स्वच्छ होती. म्हणजे माझ्या पेशींना जागं केलं ते पेप्टाइडने नव्हे, कचऱ्याने. चार नंबर खोटी, सात नंबर खरी, अगदी अक्कांनी लिहिलं होतं तसं. आणि त्यांनी माझं ऐकलं असतं, तर तो कचरा मी औषधाच्या नावाने जगभर छापला असता. कुणा घरमालकाने तो वाचलाही असता.

मला तोंड दाखवायची लाज वाटली. आज जाते, उद्या जाते. सरांना वाटलं मी कळवलं असेल. अखेर एका रविवारी सोनकेळी घेऊन चामराजपेटात गेले. दार अक्कांनीच उघडलं. ये नाही, बस नाही, पहिला प्रश्न, "आलं का गं उत्तर?"

"आलं अक्का. तुमचंच बरोबर होतं."

त्या भिंतीला हात लावत लावत स्वयंपाकघरात गेल्या आणि स्टुलावर बसल्या. ओट्यावर दोन सारख्या बाटल्या होत्या. एकीत मीठ, एकीत पिठीसाखर, वर त्यांच्या अक्षरात चार आणि सात.

"हे काय अक्का?"

"रोज सकाळी करून बघते. लेबल काढते, नंबर लावते. उजव्या हातात कुठली होती, डाव्या हातात कुठली. कुठे चुकले असेन ते शोधत होते." पदराने त्यांनी डोळे टिपले. "तुला वाटलं मला खात्री होती? नव्हती गं. आठवत होतं तेवढं सांगितलं. पण म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीचा काय भरवसा? वाटायचं, शेवटच्या वर्षी हात चुकला आणि पोरीचं वाटोळं केलं."

मी त्यांच्या पायाशी फरशीवर बसले. त्यांनी केसांवरून हात फिरवला आणि सहज विचारलं, "कधी आलं उत्तर? काल?"

खोटं बोलता आलं असतं. पण ह्या बाईपुढे नाही.

"तीन आठवडे झाले."

हात तिथेच थांबला. त्या हळूच म्हणाल्या, "तीन आठवडे? एक फोन करायचा होतास गं, नागपूर."

रागावल्या नाहीत. उठून चहा ठेवला, मला पोटभर जेवू घातलं, जाताना डबाही दिला. तो मी बसमध्येच उघडला आणि रडत रडत संपवला.

प्रबंध झाला, वर्षभर उशिरा. पेप्टाइडने आमच्या पेशींवर काहीही केलं नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. अक्का गेल्या वर्षी गेल्या. आता सर्जापूर रोडला माझी स्वतःची छोटी प्रयोगशाळा आहे. निकाल आला, चांगला असो की वाईट, की त्या कामाला ज्याचा ज्याचा हात लागला त्या सगळ्यांना मी त्याच दिवशी फोन करते, नोकरी सोडून गेलेल्यांनासुद्धा. पोरं हसतात, "मॅडम, मेल टाका की!" मेलमध्ये पलीकडच्या माणसाचा सुटलेला श्वास ऐकू येत नाही. अक्कांचा तो श्वास तीन आठवडे जास्त अडकून राहिला होता, माझ्यामुळे.