पहिल्या सोमवारची आते

पाहुणचारात माझ्या आतेचा हात धरील असं माणूस अख्ख्या सिंधुदुर्गात सापडायचं नाही. विजेचं मीटर वाचायला आलेल्या माणसालाही ती घावणे-चटणी खाल्ल्याशिवाय आकडा टिपू देत नाही. एकदा पंखे विकणारा कोणी पत्ता चुकून दारात आला, तो जेवून, झोपाळ्यावर डुलकी काढून, वर कोकमांची पुडी घेऊन गेला. पंखा विकायचा राहूनच गेला. तिच्या चांगल्या कपबश्या काचेच्या कपाटात असतात. घरची माणसं जन्मभर स्टीलच्या पेल्यातून चहा पितात. त्या चहात साखर किती, ते विचारू नका. शिवाय जत्रेतून आणलेला गुळाचा खाजा उशाशी असतोच. मधुमेह जडून वर्षं झाली, पण आतेने तो कधी मनावर घेतला नाही.

परदेशातल्या एका विद्यापीठाच्या मदतीने आमच्या मालवणच्या पट्ट्यात मधुमेह आणि रक्तदाबाची पाहणी सुरू झाली, तेव्हा वाडीतल्या नोंदी घ्यायचं काम माझ्याकडे आलं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी उपाशीपोटी बोट टोचायचं, आकडा वहीत लिहायचा आणि मोबाइलवरून थेट साता समुद्रापार पाठवायचा. आते ठेवणीतलं लुगडं नेसून अंगणात खुर्ची टाकून बसलेली असायची. आकडा दर वेळी असा देखणा, की मी तो गावभर मिरवायची. दोन वर्षं लिहीत गेले, आणि मला मेलीला एकदाही शंका आली नाही!

मग एका गुरुवारी मसुऱ्याहून परतताना सहज तिच्याकडे डोकावले. आते पाय पसरून खाजा खात होती. मला बघताच तिने लुगड्याने पाऊल झाकलं. मी ते बाजूला सारून पाहिलं, तर अंगठ्याला जुनी, चिघळलेली जखम. ती नको नको म्हणत असतानाच मी बोट टोचलं. साखर तीनशेच्या वर. दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्या शोधल्या, तर त्या कपबश्यांच्या मागे नीट रांगेत ठेवलेल्या. सोमवार जवळ आला की तीन दिवस गोळ्या घ्यायच्या, पेजेवर राहायचं, आणि तपासणी झाली की पुन्हा खाजा सुरू.

मी खूप बोलले. पाय कापायची वेळ आली तर काय करशील, असंही तोडून विचारलं. तिने खाज्याची पुडी मागे सरकवली. मग हळूच म्हणाली, "इतक्या लांबसून लोक आमका बघूक इले. तेंका घाणेरडा घर दाखवूचा काय गो?"

मला रडूच आलं. शेजारी बसून तिला समजावलं, की त्यांना सारवलेलं घर नको, आहे तसंच हवं. तुझे आकडे चांगले दिसले तर इथे औषधांची गरजच नाही असं ते धरून चालतील.

पुढच्या तपासणीच्या सोमवारी अंगणात खुर्ची नव्हती. आते स्वयंपाकघरात, घरच्याच जुन्या लुगड्यात, भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिने न वळताच बोट माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "लिव, काय आसा ता."

आकडा वाईट होता. मी तो लिहिला. औषधं बदलली, जखम भरून आली, पाय वाचला. साखरेने अधू झालेल्या डाव्या डोळ्याची नजर मात्र परत आली नाही. दोन वर्षं आधी कळायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. ती दोन वर्षं वहीत माझ्या अक्षरात आहेत, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. आतेने मात्र मला कधी बोल लावला नाही. मी तिच्याकडे गेले की ती मान वळवून उजव्या डोळ्याने मला नीट बघून घेते आणि विचारते, "जेवलंस मां?"