हळदीची चिमूट

शेवंताकाकू दारात रांगोळी काढायला बसल्या की पुष्कळदा आधी मोठ्यानं एक नाव घ्यायच्या. देवाचं नव्हे. "यवतच्या सखूआत्याचा हात!" नाहीतर "कारेगावच्या भामाबाईचा हात!" असं सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायच्या आणि मग पदर खोचून ठिपके टाकायला लागायच्या. रांगोळी पुरी झाली की खालच्या कोपऱ्यात हळदीची एक चिमूट ठेवायच्या. मग कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं नुसत्या बघत उभ्या राहायच्या. तेवढ्यात कुणाची सायकल जवळून गेली तर त्या सायकलवाल्याचं काही खरं नसे.

शिरूरच्या एसटी स्टँडामागे, त्यांच्या घरासमोर, मी गाळा घेतला आणि चार कॉम्प्युटर मांडून नेट कॅफे उघडला, तो दोन हजार सालाच्या आगेमागे. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, बाईंचं डोकं जरा फिरलेलं असावं. एकदा न राहवून विचारलं, "काकू, हे नाव कशाला घेता?"

"मग काय चोरून काढू?" काकू उसळल्या. "ही बांधणी सखूआत्याची. मी तिच्या दारात बसून शिकले. मग तिचा हात सांगायला नगं?"

"आणि हळद?"

"हळद ठिवली म्हंजी रांगोळी दुसऱ्याची हाय. कुणी इचारलं तर नाव सांगायचं. हळद न्हाई, म्हंजी माझी सोताची."

हा रिवाज काकूंनी लावला की त्यांच्या आधीपासूनचा होता, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्या आळीत तो पाळला जायचा. काकू बालवाडीत शिकवायच्या, त्यामुळे आळीतल्या निम्म्या पोरी त्यांच्याच हाताखालून गेलेल्या. कुणीही वही घेऊन यावं आणि काकूंच्या दारातली रांगोळी उतरवून न्यावी. काकू स्वतः ठिपके मोजून द्यायच्या, चुकलं तर हातावर चापट मारायच्या आणि निघताना एकच ताकीद द्यायच्या, "उचल बाई खुशाल, पर हात सांग." नव्यानं लग्न होऊन आलेली एक सून हळद ठेवायला विसरली, तर काकूंनी तिच्या दारात जाऊन स्वतःच्या हातानं चिमूट ठेवली आणि वर तिच्या सासूला चार शब्द सुनावले. सासू हसत होती. तिलाही नवी सून असताना तसंच ऐकून घ्यावं लागलं असणार.

काकूंची एक चौकटीची वही होती. तिच्यात एकसष्ट रांगोळ्या होत्या आणि प्रत्येकीखाली ती कुणाची ते लिहिलेलं होतं. वीसेक दुसऱ्यांच्या, बाकी सगळ्या काकूंच्या स्वतःच्या. त्यातली सगळ्यांत लाडकी 'घोडवळण'. मध्ये एकवीस ठिपके, वर आणि खाली कमी होत होत अकरापर्यंत, आणि त्या सगळ्यांतून फिरणारी एकच रेघ. आमच्या घोड नदीसारखी वळणं घेत ती सगळे ठिपके पालथे घालायची आणि निघाली होती तिथंच येऊन मिळायची. ती बसवायला काकूंना दोन वर्षं लागली होती. त्या अभिमानानं सांगायच्या, "मधी बोट उचलायचं न्हाई. उचललं की गेली."

ही वही नेटवर टाकायची खाज माझी. मी नवा स्कॅनर आणला होता आणि त्याचं काय करावं ते मला सुचत नव्हतं. काकू माझ्या कॅफेत येऊन खुर्चीवर मांडी घालून बसल्या. पडद्यावर स्वतःची रांगोळी बघून आधी लाजल्या. मग एकदम शिक्षिकेच्या आवाजात म्हणाल्या, "यात हळद कुठं ठिवायची? उतरवून नेणारीला तर ही दुसऱ्याचीच की."

मी प्रत्येक चित्राच्या खाली कोपऱ्यात एक पिवळा ठिपका टाकला. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात नाव: शेवंताकाकू, शिरूर. जी सखूआत्याची होती तिथं सखूआत्या, यवत. जागा वाया जाऊ नये म्हणून ही ओळ मी रांगोळीच्या शेवटच्या रांगेला अगदी चिकटवून बसवली. काकूंनी चष्मा वर सरकवला आणि पडद्याला नाक लावून पाहिलं.

"दत्ता, आन् कुणी कोपरा कातरला तर?"

मी हसलो. "एवढा उद्योग कोण करतंय, काकू?"

हे मी बोललो. मी, ज्याला कॉम्प्युटर कळत होता! नाव चित्राच्या मधोमध फिकट अक्षरात टाकता येतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी ते बोललोही. पण काकू म्हणाल्या, "मधी अक्षरं आली तर पोरींनी ठिपके कशे मोजायचे?" आणि मलाही ते दिसायला घाणेरडं वाटत होतं, म्हणून विषय तिथंच सोडला. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

पहिलं वर्ष मात्र झकास गेलं. कुठून कुठून मेल यायच्या. एकदा कॅनडातून एका मुलीनं लिहिलं, "काकू, दिवाळीला तुमचं घोडवळण आमच्या इमारतीच्या दारात काढू का? तुम्हाला विचारल्याशिवाय काढवत नाही." काकूंनी ती मेल माझ्याकडून तीनदा वाचून घेतली.

"बघ, इचारलं तिनं. एवढ्या लांबून इचारलं." त्यांनी डोळे पुसले आणि लगेच उत्तर सांगितलं, "लिव्ह. काढ पोरी, पर हात सांग."

मग दौंडची स्पर्धा आली. एका मंडळानं स्टेशनजवळच्या हॉलमध्ये ठेवली होती. नियम एकच, रचना स्वतःची हवी. काकू उभ्या जन्मात स्पर्धेला गेल्या नव्हत्या, पण हा नियम ऐकून खूष झाल्या. मी बरोबर गेलो. तीन तास काकू गुडघ्यांवर होत्या. घोडवळण असं उतरलं की शेजारच्या बायका स्वतःची रांगोळी सोडून बघायला आल्या. कोपऱ्यात हळद नव्हती. ती रांगोळी त्यांची स्वतःची होती.

परीक्षक आले. टाय लावलेले, हातात वही. रांगोळीपुढे थांबले, मान हलवली आणि पिशवीतून एक रंगीत पुस्तिका काढली. "काकू, ही तर यातली आहे. इथंच स्टेशनवर मिळते. नक्कल चालत नाही, नियम वाचला नाहीत का?"

मी ती पुस्तिका हातात घेतली. सगळीच्या सगळी एकसष्ट चित्रं! क्रमसुद्धा आमचाच! माझ्या स्कॅनरच्या काचेवर एक चरा होता, त्याची रेघसुद्धा प्रत्येक पानावर जशीच्या तशी. वर 'संकलन' म्हणून कुणा भलत्याच माणसाचं नाव. शेवंताकाकू नाहीत, सखूआत्या नाही, भामाबाई नाही. माझ्या कानातून वाफ निघायची बाकी होती. काकूंनी पुस्तिका माझ्या हातून घेतली. एकेक पान उलटत, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर बोट ठेवत गेल्या. शेवटच्या पानावर थांबल्या.

"कातरला की रं कोपरा," त्या म्हणाल्या.

मला तिथंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण काकू तशा गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी घोडवळणाचं पान काढलं आणि परीक्षकांच्या नाकासमोर धरलं. "सायेब, खालची रांग मोजा. अकरा ठिपक्यांची रांग कुठं हाय? नाव कातरताना ती बी कातरली ह्यानं. रेघ उघडी पडलीया. यातनं काढली असती तर माझी बंद कशी झाली असती?"

परीक्षकांनी मोजलं. पुन्हा मोजलं. जमिनीवरची रेघ बोटानं धरून फिरले आणि जिथून निघाले तिथं येऊन पोचले. त्यांना कळलं होतं, मी त्यांचा चेहरा बघत होतो. पण तोवर त्यांनी भिंतीवरच्या यादीत काकूंच्या नावापुढे लाल शाईनं लिहिलं होतं: नक्कल, बाद. ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "आता निकाल लागला, काकू. पुढच्या वर्षी या."

"मला बक्षीस नगं," काकू म्हणाल्या. "तेवढी ती नक्कल पुसा."

त्या माणसानं ती पुसली नाही. खिशात पेन होतं, भिंत चार पावलांवर होती. नाही पुसली!

पुस्तिकेच्या मागे छापखान्याचा पत्ता होता, दौंडातलाच. मी काकूंना घेऊन तडक तिथं गेलो. मालक जेवण उरकून दात कोरत बसला होता. ऐकून घेऊन हसला. "अहो मावशी, रांगोळी कधी कुणाच्या मालकीची असते का? परंपरा आहे ती आपली. आणि नेटवर पडलेलं होतं. रस्त्यावर टाकलेली वस्तू, कुणीही उचलावी."

"रस्त्यावर टाकली न्हाई म्या. दारात काढली," काकू म्हणाल्या. "आन् दार माझं हाय."

"उलट तुमची प्रसिद्धीच झाली की."

"माझी? माझं नाव कुठं हाय त्यात? सखूआत्या मरून धा वर्सं झाली, तिचं बी नाव खाल्लंस तू. उचलायला कुणाचीच ना नव्हती रं. एक पोरगी साता समुद्रापल्याडनं इचारती, आन् तू हितं दौंडात बसलास, तुला शिरूर लांब पडलं?"

त्यानं चार पुस्तिका काढून पुढे सरकवल्या. फुकट घेऊन जा म्हणाला. काकूंनी त्या टेबलावरून खाली ढकलल्या. मी त्याची गचांडी धरायला निघालो होतो, काकूंनीच मला मागे ओढलं. चौकीत गेलो तर हवालदार म्हणाला, "रांगोळी चोरीला गेली? मग आता दारात काय आहे?" आणि स्वतःच्याच विनोदावर खिदळला. हात हलवत शिरूरला परतलो. मी मंडळाला पुढे तीन पत्रं टाकली. एकाचंही उत्तर आलं नाही. काकू मात्र दर दोन-चार दिवसांनी कॅफेच्या पायरीवर यायच्या आणि विचारायच्या, "पुसली का रं ती नक्कल?"

संतापाची कमाल पुढेच आहे. ती पुस्तिका शिरूरच्या बाजारातही आली. बायका ती घेऊन काकूंकडेच यायच्या. "काकू, ही बसतच न्हाई हो. रेघ मोकळी राहती." मी म्हणायचो, हाकलून द्या. काकू त्या पुस्तिकेवर पेन्सिलीनं खालची रांग भरून द्यायच्या. चोरलेला माल मालकिणीनं दुरुस्त करून द्यायचा! "पोरींचा काय दोष?" त्या म्हणायच्या. "पर आता हळद ठिव हं, बाई."

एक दिवस मात्र त्या येऊन म्हणाल्या, "दत्ता, नेटवरचं काढून टाक समदं."

"मधोमध नाव टाकून ठेवू या काकू, आता तरी."

"नगं. दारात बसून राखण करत रांगोळी काढायची असती का?"

मी एकसष्ट चित्रं एकेक करून पुसली. महिन्यानं कॅनडाच्या त्या मुलीची मेल आली, पान उघडत नाही म्हणून. काय उत्तर देऊ, मी विचारलं. काकूंनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "लिव्ह. काकूंनी दार लावलं." त्यानंतर त्यांची नवी रांगोळी कुणीच पाहिली नाही. दारात काढायच्या त्या फक्त सखूआत्याच्या, भामाबाईच्या. हळद ठेवून.

चार वर्षांनी काकू गेल्या. बालवाडीतून घरी आल्या, पाणी मागितलं आणि गेल्या. दहाव्यापर्यंत आळीत एकाही दारात रांगोळी नव्हती. सुतक त्यांच्या एकट्या घराला होतं, पण कुणाचा हात उचलला नाही. शेवटच्या आठवड्यातही त्यांनी मला ती नक्कल पुसली का ते विचारलं होतं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी मी पुण्याला निघालो होतो. शिक्रापूरला चहाला थांबलो आणि समोर एका नव्या मंगल कार्यालयाचा फ्लेक्स दिसला. माणसाएवढा, फाटकाला बांधलेला. वर 'हार्दिक स्वागत' आणि खाली गुलाबी रंगात घोडवळण. माझ्या स्कॅनरच्या चऱ्यासकट. खालची रांग नाही, रेघ मोकळी लोंबतेय. लग्नाची माणसं तिच्यासमोर उभी राहून फोटो काढत होती.

माझं डोकंच फिरलं. टपरीवरून चुन्याची ट्यूब घेतली, शेजारच्या किराणा दुकानातून हळदीची पुडी घेतली आणि भर दुपारी, वऱ्हाडाच्या डोळ्यांदेखत, फाटकापुढे बसलो. फ्लेक्सच्या खालच्या कडेला अकरा ठिपके टाकले. काकूंनी शिकवलेलं आठवत, बोट न उचलता, रेघ फिरवली आणि जिथं मिळायला हवी तिथं आणून मिळवली. मग हळद ओली करून कोपऱ्यात अंगठा दाबला आणि शेजारी चुन्यानं ठळक लिहिलं, शेवंताकाकू, शिरूर.

आतून मॅनेजर धावत आला. लालबुंद झाला होता. "ओ, काय चाललंय? कुणाला विचारून हात लावलात?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न विचारणारा पहिला माणूस मला भेटला होता. मी उठलो, हात झटकले आणि त्याच्या तोंडावर सांगितलं, "शेवंताकाकूंना."